वाट असलेले आणि वाट सुटलेले

'व्हॅग्रंट' हा भटकण्याविषयीचा इंग्रजी शब्द दोन क्षेत्रांत पारिभाषिक म्हणून वापरला जातो: पक्षिशास्त्रात आणि कायद्यात. पक्षिशास्त्रात त्याचा अर्थ नेमका आहे. उजनीच्या पाणपसाऱ्यावर उतरणारे रोहित पक्षी व्हॅग्रंट नव्हेत. ते स्थलांतरित, कारण त्यांचा हंगाम ठरलेला असतो. वाऱ्यावादळाने नेहमीच्या प्रदेशाबाहेर जाऊन पडलेला एखादा पक्षी तेवढा व्हॅग्रंट. म्हणजे वाट असलेले हिंडणे वेगळे आणि वाट सुटलेले हिंडणे वेगळे. कायद्याने हा भेद मानला नाही. हिंडणारा माणूस कशावर जगतो आणि ते उघड दिसते का, एवढेच त्याने पाहिले.

हिंदुस्थानच्या कायद्यात हा शब्द आला तो गोऱ्यांसाठी. १८६९ चा आणि त्यानंतर १८७४ चा युरोपियन व्हॅग्रन्सी अ‍ॅक्ट युरोपीय वंशाच्या अशा माणसांना लागू होता, जी भीक मागत किंवा उघड उपजीविकेवाचून हिंडत. जहाजावरून उतरलेले खलाशी, नोकरी सुटलेले शिपाई असे हे लोक. त्यांना कामगृहात ठेवायचे, काम मिळवून द्यायचे, तेही जमले नाही तर सरकारी खर्चाने मायदेशी धाडायचे, अशी तरतूद होती. रस्त्यावरचा दरिद्री गोरा राज्यकर्त्यांची पत घालवतो ही धास्ती तिच्यामागे होतीच. तरीही त्या कायद्यापुढे एकेक माणूस उभा राहत होता, त्याची जात नव्हे.

देशी फिरस्त्यांच्या वाट्याला दुसरा कायदा आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती नोंदवहीत घातल्या. त्याच्या चौथ्या कलमात सगळे सार आहे. एखाद्या जमातीला कायमचे वास्तव्य नसेल, तर ती सांगते तो धंदा खरा आहे की गुन्हे सोपे व्हावेत म्हणून केलेला बहाणा, याबद्दलचे मत सरकारने नोंदवायचे होते. स्थिर माणसाचा धंदा धंदाच. फिरत्या माणसाचा मात्र बहाणा ठरू शकतो. यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: त्यातले काही लोक खरोखर चोऱ्या करत होते. करत असतील. चोरीला शिक्षा करायला १८६० ची दंडसंहिता होती आणि ती चोराला पकडत होती. नव्या कायद्याची गरज फक्त चोरी न केलेल्यांना पकडण्यासाठी होती. पुढचे बहुतेक दाखले ज्या भागातले आहेत, ते आजचे धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होते, पण शेजारचे सोलापूर मुंबई इलाख्यात. नोंदलेल्या जमातींना ठेवण्याची तिथली कुंपणाची सेटलमेंट याच कायद्याच्या पुढच्या रूपाची. त्याचे शेवटचे रूप ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाले.

या बहाण्याच्या संशयाला धाराशिव जिल्ह्याचे वर्षचक्र हे उत्तम उत्तर आहे. तुळजापूरच्या भवानीचे गोंधळी संबळ-तुणतुणे घेऊन फिरत, ते मन मानेल तिकडे नव्हे. गोंधळ्यांची गणना अलुतेदारांत होते. घरे आणि गावे वाटून घेतलेली असत, दुसऱ्याच्या गावात मागायला जाणे हा अपराध मानला जाई. घिसाडी पेरणीच्या तोंडावर येई, कारण कुळवाच्या फासा तेव्हाच शेवटायच्या असत. सुगी संपून धान्य घरात आले की मागणाऱ्यांची पाले पडत. ही सगळी वाट असलेली माणसे. शेतकऱ्याच्या घरात महिना नसेल पाहिला, पण घिसाडी आला म्हणजे पाऊस जवळ आला हे पोरासोरांनाही कळे.

याच जिल्ह्यातल्या तेरचे उदाहरण याहून जुने. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर हे नगर येते; तिथले कापड गाड्यांतून, नीट रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. तगर म्हणजेच तेर. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंवर उभे राहिलेले तिथले संग्रहालय पाहिले, की बसल्या जागी हे नगर श्रीमंत झाले नाही हे उमगते. पुढे मुलखाचा माल लमाणांच्या बैलतांड्यांनी वाहिला. मग १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे बार्शीला पोचली, १९११ मध्ये लातूरला. माल रुळावर गेला, तेव्हा तांड्यांची वाट सुटली. भटकण्याचा दोष मात्र तांड्यांवरच राहिला.

इथेच या उत्तराची मर्यादा दिसू लागते. फेरी नियमित होती म्हणून फिरस्ता निर्दोष, असे म्हटले की फेरी मोडलेल्याचे काय करायचे? घिसाड्याचे काम वेल्डिंगच्या दुकानाने घेतले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून जमीन असलेली कुटुंबेही शहरांकडे निघाली, पुढचा मुक्काम ठाऊक नसताना. ती पक्षिशास्त्राच्या नेमक्या अर्थाने व्हॅग्रंट होती, आणि संरक्षणाची गरज त्यांनाच सर्वांत जास्त होती. फेरीचा पुरावा देऊन फिरस्त्याचा बचाव करणे म्हणजे १८७१ चीच कसोटी मान्य करून तीत उत्तीर्ण होण्याची धडपड करणे. वाट असलेले आणि वाट सुटलेले हा भेद समाज समजून घ्यायला मोलाचा आहे. हक्क ठरवायला तो वापरता येत नाही. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकाला देशभर मोकळेपणाने संचार करण्याचा हक्क दिला, तो प्रवासाचे कारण न विचारता.

तरीही जुनी कसोटी टिकली. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंध कायद्यात भीक मागण्याच्या व्याख्येत उघड उपजीविकेवाचून सार्वजनिक जागी हिंडणे येते, आणि गाणे, नाच, भविष्य सांगणे हे बहाणेही येतात. १८७१ चा बहाणा इथे पुन्हा भेटतो. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, पुढे दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धता, अशी त्यातली तरतूद आहे. आराधी, पोतराज, नंदीवाला, पिंगळा या सगळ्यांची कला त्या शब्दांत मावते.

याच्या उलट टोकाला कोयता घेऊन जाणारी माणसे आहेत. भूम, परंडा, कळंब, वाशी भागातल्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात, काही महिने कोपीत काढतात. वर्षाचा मोठा भाग गावाबाहेर असूनही त्यांना कोणी भटके म्हणत नाही, कारण त्यांच्या नावामागे गाव आहे. शिक्का चालण्यामुळे बसत नाही. पत्ता नसल्यामुळे बसतो.

पत्त्याचा हा आग्रह मदतीच्या कागदांतही उतरला. महाराष्ट्राने १४ विमुक्त आणि २८ भटक्या जमातींची यादी केली, सवलती दिल्या. पण त्यांच्या जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख मानली गेली आणि त्या दिवसाआधीचे वास्तव्य दाखवणे आले. ज्यांचे वास्तव्यच पालात, त्यांच्याकडे हा कागद कुठून यावा? तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीच्या निवासी शाळेने याची दुसरी बाजू धरली: पारध्यांच्या आणि इतर भटक्यांच्या मुलांना वर्षभर एका जागी राहून शिकता येईल अशी सोय केली. ही सोय चांगली, कारण ती पुढे केलेली आहे, लादलेली नाही. सेटलमेंट आणि वसतिगृह यांत फरक आहे तो जाणाऱ्याला जाता येते की नाही एवढाच, आणि तो पुरेसा मोठा आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, १९५९ च्या कायद्यातली भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. ज्या राज्यात तो कायदा जन्मला, तिथे त्या निकालाने ती रद्द झाली नाहीत.