जवळून पाहणे

बदलापुरास कुळगावात राहणाऱ्या माझ्या मावशीचा गर्भाशयाचा कर्करोग आता कोणत्याच उपचारास दाद देणार नाही, हे परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी सौम्य शब्दांत व पुरेसा वेळ देऊन सांगितले. त्याच संध्याकाळी साठ किलोमीटरांचा परतीचा प्रवास करून घरी आल्यावर माझ्या मावसभावाने एका कोऱ्या कागदावर चार शुश्रूषागृहांची नावे लिहिली आणि प्रत्येकापुढे दर, अंतर, खोलीचा प्रकार व जेवणाची सोय असे रकाने आखले. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत उमेदीची सगळी वर्षे घालवलेल्या मनुष्याचा मुलगा तो. मोजून पाहिल्यावाचून काही पत्करायचे नाही, हा त्या घरचा शिरस्ता. तो कागद मी जपून ठेवला आहे. त्यातील एकही नोंद खोटी नव्हती. आणि ज्या गोष्टीसाठी तो आखला होता, ती मात्र त्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

मरणोन्मुख माणसाची सेवा करणाऱ्या दोन घरांपैकी एक उजवे व दुसरे डावे, हे आपण कोणत्या प्रमाणावरून ठरवावे? न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. ज्यास सेवा मिळाली त्याचे प्रत्यक्ष त्याच्याबरोबरच लोपते. मागे राहिलेल्यांचे अनुमान शोकाने, अपराधाच्या जाणिवेने आणि कधी सुटल्याच्या लाजेने गढूळ झालेले असते. आणि गाय पाहिलेल्या माणसास रानात गवय ओळखता यावा अशी जी उपमानाची रीत, तिला आधी पाहिलेले काहीतरी लागते, तर आपल्या आईचे मरण मनुष्य एकदाच पाहतो. उरतो तो शब्द, विश्वासू माणसाची साक्ष. अमेरिकेतील सरकारी आरोग्यविम्याच्या खात्याने याच प्रमाणाचा आश्रय केला आहे. रुग्ण निवर्तल्यावर काही महिन्यांनी घरच्यांकडे प्रश्नावली जाते. वेदनेस वेळेवर उतार मिळाला काय, हाक मारल्यावर मदत आली काय, अशी विचारणा होते, आणि त्या जबान्यांवरून एकेका हॉस्पिसचे, म्हणजे मरणासन्नांच्या शुश्रूषागृहाचे, तुलनात्मक आकडे लोकांपुढे मांडले जातात. हा खटाटोप मला आदरास पात्र वाटतो, कारण निदान कोणीतरी विचारते आहे. राष्ट्राराष्ट्रांचीही अशी तुलना झाली आहे: इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटने २०१० साली केलेल्या पाहणीत ४० देशांत भारत ४० वा होता, २०१५ साली ८० देशांत ६७ वा, आणि दोन्ही वेळा ब्रिटन पहिले होते. आकडा लाज वाटावी असा आहे आणि ती आपणांस वाटली पाहिजे; परंतु राष्ट्राचा क्रमांक कुळगावातल्या एका खाटेस लागू करता येत नाही.

यमाच्या दारातून परत आलेला आपल्या वाङ्मयातील साक्षीदार म्हणजे नचिकेता. कठोपनिषदातील त्या आख्यानात सर्वांचे लक्ष तिसऱ्या वराकडे, मरणानंतर काय उरते या प्रश्नाकडे जाते, आणि ते योग्यही आहे. पण मला अलीकडे ते तीन वर मुळात का मिळाले, हाच भाग अधिक बोलका वाटू लागला आहे. यम घरी नव्हता, पाहुणा तीन रात्री त्याच्या घरी उपाशी राहिला, आणि परतल्यावर मृत्यूच्या त्या अधिपतीने आतिथ्यातील उणीव मान्य करून प्रत्येक रात्रीबद्दल एक वर देऊ केला. मृत्यूनेच आपल्या घरच्या गैरसोयीची अशी भरपाई केली! आणि नचिकेत्याने पहिला वर मागितला तो मागे राहिलेल्या पित्याच्या मनास शांती मिळावी म्हणून. ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी आपली परंपरागत व्युत्पत्ती आहे. मरणाच्या वाटेवरल्या माणसाइतकी ती दुसऱ्या कोणास लागू पडेल?

हॉस्पिस हा शब्दही मूळचा यात्रेकरूंच्या धर्मशाळेचा. डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले, तेव्हा वेदना ही शरीराइतकीच मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हा विचार त्या धर्मशाळेच्या पायात घातला गेला. भारतातील पहिले हॉस्पिस, वांद्र्याचे शांती आवेदना सदन, १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी सुरू केले. तेथे रुग्णाकडून पैसा घेतला जात नाही. पुण्याजवळ वारज्यास १९९७ पासून चालणारे सिप्ला केंद्रही विनामूल्य आहे. काशीचे मुक्तिभवन याहून जुने, १९५८ चे. तेथे औषधाचा प्रश्नच नाही, भजन आहे, गंगाजल आहे आणि साधारण पंधरा दिवसांची मुदत आहे, जिच्यात मरण न आल्यास खोली दुसऱ्यासाठी मोकळी करून द्यावी लागते. अतिथीस तिथी लावून देणारी ही धर्मशाळा मला अस्वस्थ करते. आणि तरीही जे तेथे जातात ते मरणास सामोरे जाण्याच्या संकल्पाने जातात, त्यांना कोणी टाकून दिलेले नसते, हे विसरून तिला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. कुळगावाजवळच्या उल्हासनगरात वाढलेल्या कोणालाही मुक्कामाचे स्थान म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. युद्धकाळातील लष्करी कल्याण कॅम्पच्या बराकींत सिंधमधून उखडले गेलेले लोक उतरले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि जन्मगावच्या मातीत मरण्याची आशा सुटलेल्या एका पिढीने परक्या बराकीत डोळे मिटले. वस्तीच्या भागांना आजही एक नंबर, चार नंबर असे कॅम्पाच्या आकड्यांनीच ओळखतात.

आमच्या वैद्यकपरंपरेकडे मी मोठ्या आशेने वळलो आणि तेथे मला एकाच वेळी आधार व आघात मिळाला. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या ठायी त्यास चार गुण अपेक्षित आहेत: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. यांतील तीन गुणांची तपासणी कोणताही निरीक्षक वही घेऊन करू शकेल. अनुरागाची करू शकणार नाही, आणि चरकाने तो तरीही ज्ञान व दक्षता यांच्याच पंक्तीस बसवला आहे. असाध्याच्या अलीकडे ‘याप्य’ नावाचा एक वर्ग आहे. रोग हटत नाही, पण सांभाळता येतो. सुश्रुत त्यास कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा देतो. ज्याने उल्हासनगरातील जुन्या इमारतींच्या स्लॅबखाली उभे केलेले लोखंडी टेकू पाहिले आहेत, आणि त्या टेकूंच्या छायेत चाललेला स्वयंपाक, अभ्यास, आरती पाहिली आहे, त्यास ही उपमा शब्दकोश न उघडता कळेल. हा आधार. आघात असा की, वैद्याची वृत्ती चार प्रकारची असावी, असे सांगताना तोच चरक म्हणतो: सर्वांविषयी मैत्री, आर्तांविषयी करुणा, साध्य रोग्याविषयी प्रीती, आणि जे प्रकृतीस जाऊ लागले, म्हणजे टीकाकारांच्या अर्थाप्रमाणे जे मरणाच्या समीप आले, त्यांच्याविषयी उपेक्षा.

या शब्दापाशी मी कित्येक दिवस अडलो. आज मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड, दुर्लक्ष. असाध्य रोगावर हात घालणाऱ्या वैद्याची विद्या, यश व धन यांची हानी होते, असा इशाराही त्याच ग्रंथात आहे, तेव्हा हा अर्थ तेथे मुळीच नव्हता, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पूर्वजांवरील प्रेमापोटी त्यांच्या वाक्यांची धार बोथट करणे हे प्रेमाचे लक्षण नव्हे. परंतु हा शब्द पतंजलीने मैत्री, करुणा, मुदिता यांच्या शेजारी ठेवला, बौद्धांनी त्यास चार ब्रह्मविहारांत स्थान दिले, आणि व्युत्पत्तीने पाहता उप म्हणजे समीप व ईक्षणे म्हणजे पाहणे. फळाची आसक्ती सोडून, बरे करण्याचा हट्ट सोडून, जवळून पाहणे. शुश्रूषा या शब्दाचाही मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असाच आहे. रुग्णाच्या चार गुणांत चरकाने ज्ञापकत्व, म्हणजे आपली व्यथा सांगता येणे, हा गुण मोजला आहे. ते जोवर शाबूत आहे तोवर सेवकाचा कान हवा, आणि ते मावळल्यावर डोळा हवा. दोन शुश्रूषागृहांतील अंतर मला याच जागी सापडते: बोलणे थांबलेल्या माणसाकडे तेथे कोण, किती जवळून पाहते? अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराचा गाभारा सभामंडपाच्या पातळीवर नाही. शके ९८२ चा शिलालेख मिरवणाऱ्या त्या देवळात पिंडीपाशी जाण्यास पायऱ्या उतराव्या लागतात. मावशीच्या आजारात मी तेथे दोनदा गेलो, आणि खाली उतरल्यावाचून दर्शन नाही, ही त्या देवळाची रचना मला पूर्वी कधी इतकी जाणवली नव्हती.

यादीतील एका ठिकाणी आम्ही गेलो, त्याचे नाव येथे नको. वातानुकूलित खोली होती, भिंतीवर सर्व धर्मांच्या प्रतिमा होत्या, रोज सकाळी प्रार्थना होते असे व्यवस्थापकांनी सांगितले. मॉर्फिन ठेवता काय, असे विचारताच त्यांनी विषय बदलला. जिन्याजवळच्या खोलीत एका वृद्धाचे ओठ कोरडे पडून भेगाळले होते, आणि पाण्याचा पेला त्याच्या हाताच्या पल्ल्यापलीकडे, टेबलावर झाकून, अगदी स्वच्छ ठेवला होता. शुचिता होती. मावसभावाने खिशातील कागद काढला नाही.

मॉर्फिनचा प्रश्न मी प्रथम विचारतो, याचे कारण आध्यात्मिक आहे. नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकवणाऱ्या या देशात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की, व्यसनाच्या भयापोटी मरणाऱ्यांच्या वाट्याचे औषध इस्पितळांच्या कपाटांतून जवळजवळ नाहीसे झाले. २०१४ च्या दुरुस्तीने त्या औषधाची वाट सुकर केली, पण दप्तरातील भय कायद्याहून सावकाश मरते. वेदना कर्मक्षयास उपकारक आहे, ती दाबू नये, असे सांगणारे सज्जन मला भेटले आहेत. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारास अन्न व औषध दोन्ही नाकारून देह ठेवला. तो त्यांचा त्याग होता, आणि त्यागाचा कर्ता स्वतः त्यागीच असावा लागतो. दुसऱ्याच्या वतीने औषध सोडणे यास त्याग हा शब्द लावता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता देताना रुग्णाच्या स्वतःच्या शब्दास जे मोल दिले, ते मला याच कारणाने धर्मदृष्ट्याही यथार्थ वाटते. ज्यास अंतकाळी नामस्मरण करायचे आहे, त्याच्या जिभेस आधी कण्हण्यातून मोकळीक मिळावयास हवी.

मावशीने आपला शब्द दिला: ‘मला कुठं नेऊ नका रे. या खिडकीतून गाडीचा आवाज येतो, तो मला ओळखीचा आहे.’ मग आम्ही शुश्रूषेसाठी ब्यूरोतून बाई लावली. उल्हासनगर चार नंबरात राहणारी, पन्नाशीची, सातवी शिकलेली. मॉर्फिनच्या गोळ्या परळहून येत; मावसभाऊ दर पंधरवड्यास चिठ्ठी घेऊन जाई. दुखण्याची वाट न पाहता दर चार तासांनी, घड्याळाबरहुकूम द्यायच्या, हे त्या बाईस एकदाच सांगावे लागले. शून्य ते दहा हा डॉक्टरांचा हिशेब मावशीस कधी उमगला नाही. बाई विचारी, ‘आजी, रुपयातले किती आणे दुखतंय?’ आणि मावशी जरा विचार करून म्हणे, ‘सकाळी बारा आणे होतं गं. आता चार.’

एका दुपारी पाठ पुसून देताना त्या बाईने विहारात ऐकलेली गोष्ट सांगितली, जी विनयपिटकाच्या महावग्गात आहे: हगवणीने आपल्याच मलात पडलेल्या एका भिक्खूस बुद्धांनी पाहिले, आनंदास पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, दोघांनी मिळून त्यास धुऊन खाटेवर निजवले. इतर भिक्खूंना विचारले, याकडे कोणीच का पाहिले नाही? ते म्हणाले, हा आमच्या काही उपयोगाचा नाही. तेव्हा बुद्ध म्हणाले की, ज्यास माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी. चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणेही तेथेच सांगितली आहेत. त्यांतील एक म्हणजे मलमूत्र, थुंकी व ओकारी उचलताना किळस न येणे, आणि दुसरे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीच्या चित्ताने सेवा करणे. बाईस महिन्याचा पगार होता आणि तो तिला हवा होता; त्या पगाराने तिच्या चित्तातील मैत्री उणी झालेली मला कधी दिसली नाही. चरकाचा अनुराग कोणत्या रकान्यात लिहावा हे मला अजून सुचलेले नाही, पण तो मी कुळगावात, फिनेलच्या वासात, डोळ्यांनी पाहिला आहे.

शेवटचे चार दिवस मावशी बोलली नाही. औषधाच्या वेळा टिपण्यासाठी मावसभावाने बाईस एक शाळकरी वही दिली होती; तीत डावीकडे वेळ, मध्ये गोळी, आणि उजवीकडे आण्यांचा आकडा असे. आकडा सांगणारे कोणी उरले नाही, तेव्हा तो रकाना मोकळा राहील असे मला वाटले होते. नंतर वही चाळली. रात्री दोन वाजता: कपाळावर आठी, ओठ ओले केले. पहाटे चार: मूठ आवळलेली, कुशीवर वळवलं. सहा: मूठ सुटली. साडेसातच्या नोंदीसमोर, वाकड्या पण वाचता येणाऱ्या अक्षरांत, फक्त लिहिले होते: कपाळ मोकळं.