राखणारे आणि हरवलेली

नववीच्या वर्गात गझल शिकवताना माशूक म्हणजे खुदा, असे सांगून मी मोकळा होतो. इश्क-ए-मजाजी, इश्क-ए-हकीकी हे दोन शब्द फळ्यावर लिहिले की शिक्षकाची अब्रू शाबूत राहते. ही युक्ती फार जुनी आहे, हे बायबलातील 'गीतरत्न' वाचताना कळले.

या आठ अध्यायांच्या प्राचीन हिब्रू प्रेमकाव्यात, एका शब्दावरचा वाद सोडला, तर ईश्वराचे नावही नाही. तरी दुसऱ्या शतकातील रब्बी अकिबा यांनी त्याला पवित्रांहून पवित्र मानले. रब्बींच्या अर्थाने प्रियकर म्हणजे ईश्वर, प्रेयसी म्हणजे इस्राएल. पुढे ख्रिस्ती पंडित ओरिजेनला तिच्यात चर्च आणि आत्मा दिसला.

काव्यात मात्र ती उन्हाने रापलेली मुलगी आहे. भाऊ तिला द्राक्षमळे राखायला लावतात. स्वतःचा मळा राखायचा राहून जातो. सखा मेंढपाळ. भर दुपारी तो कळप कुठे बसवतो, एवढेच तिला हवे आहे. उत्तरात कळपाचा माग काढत येण्याची सूचना मिळते, नेमका पत्ता नाही. तिच्या दातांना धुऊन आणलेल्या, जुळी देणाऱ्या मेंढ्यांची उपमा आहे. वर्गात पोरे यावर हसतील. पण संध्याकाळी मेंढ्या मोजणाऱ्याला एकही कमी नसल्याचा आनंद ठाऊक असतो.

हिब्रूत मेंढपाळ 'रोए', अरबीत 'राई'. त्याच धातूची 'रइय्यत' मराठीत 'रयत' झाली. राई आपल्या रइय्यतीबद्दल जबाबदार, ही हदीस आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मग या मुलीचा राई कोण? ती दोनदा रात्री शहरभर त्याला शोधते. दुसऱ्या खेपेस पहारेकरी तिला मारतात, जखमी करतात, ओढणी हिसकावून घेतात. राखणारेच!

रूपकामुळे हे काव्य धर्मग्रंथात टिकले असावे, हे मी नाकारत नाही. मजाजी हा हकीकीकडे नेणारा पूल, हेही मान्य. पण तिला नुसता आत्मा म्हटले की जखम उरत नाही आणि पहारेकरी सुटतात.

एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, माशूक खुदा असेल, तर रकीब कोण?" अरबीत रकीब म्हणजे पहारेकरी, आणि अर्-रकीब हे अल्लाहच्या नावांपैकी एक, हे मला माहीत होते. तरी मी घड्याळाकडे पाहिले आणि पुढचा शेर वाचायला घेतला.