दगड ठेवायचे कुणासाठी?

सिरसाळ्याजवळच्या एका गावात देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक होती. काळ्या दगडाचं जुनं देऊळ गळत होतं. ते पाडून स्लॅबचं, गुळगुळीत फरशीचं, उंच शिखराचं नवं बांधायचं, हे जवळजवळ ठरलंच होतं. मी म्हटलं, "दगड तरी ठेवू या." एक आजोबा म्हणाले, "तुला दगड बघायचेत बाळा, आम्हाला तिथं बसायचंय."

मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतंच. परळीचं वैजनाथाचं देऊळ आज दिसतं ते अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात केलेल्या जीर्णोद्धारामुळे. फ्रान्समधल्या व्हेझलेचं बाराव्या शतकातलं चर्च कोसळण्याच्या बेतात होतं. 1840मध्ये व्हिओले-ल-द्युक या तरुण वास्तुविशारदाने ते सावरलं. पण तसं करताना त्याने काही जुनी शिल्पं काढून नवी बसवली. अशा दुरुस्तीला इंग्लंडच्या रस्किनने 1849मध्ये सरळ विध्वंस म्हटलं. मग जपणं कुठे संपतं आणि पुसणं कुठे सुरू होतं?

मला अंबाजोगाई आठवते. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर तिथला. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत मारला गेला. रामाची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधलं. हे आपल्याला कळतं ते शके 1162च्या, म्हणजे 1240च्या शिलालेखामुळे. अशा देवळांना आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. पण हेमाद्री पंडित यादवांच्या दरबारी आला तो त्यानंतर वीसेक वर्षांनी. लोकांच्या तोंडून लक्ष्मीचं नाव गेलं, दगडाने ते ठेवलं. तो दगड कुणी भरावात टाकला असता, तर एका बहिणीचं दुःख दुसऱ्यांदा पुरलं गेलं असतं. आणि ते करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नसता.

म्हणून मला वाटतं, बदल करण्यात पाप नाही. आपल्या आधी इथे कुणी होतं याचा पुरावाच नाहीसा करणं, हा अन्याय आहे. मेलेल्यांना बैठकीत हात वर करता येत नाही.

पण आजोबांचंही देणं राहतंच. 'दगड ठेवा' म्हणणाऱ्याने गळतीचं काय, हेही सांगायला हवं. ही देवळं चुन्याशिवाय, दगडात दगड बसवून, वजनावर उभी असतात. छतावरून पाणी मुरतं, सांध्यांत पिंपळ रुजतो, मुळं दगड सरकवतात. मुळं काढावीत, छतावर नवा चुन्याचा थर द्यावा. गरज पडलीच तर दगडांवर आकडे घालून ते उतरवावेत आणि त्याच क्रमाने पुन्हा रचावेत. जोडताना चुना नाही, म्हणूनच ते सुटे करता येतात. स्लॅब एकदा फोडला की त्याचा राडारोडा होतो.

पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. या वेळी आधी छतावर चढून येईन, मग बोलेन.