दान कोणाच्या नावे?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न धरता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. वाचताना सोपं वाटतं. पण मग शंका येते. संगमरवरी पाटीवर वडिलांचं नाव कोरलं, उत्सवाच्या अंकात देणगीदारांच्या यादीत आपलं नाव आलं, की ते दान लगेच राजस झालं का?

जन्मभर बँकेत कारकुनी केली, म्हणून मला हा प्रश्न खातेवहीच्या भाषेत सुचतो. जमाखर्चाचा नियम असा, की घेणाऱ्याच्या नावे लिहायचं आणि देणाऱ्याकडे जमा करायचं. कर्ज असो वा उधारी, नियम तोच. दानापाशी मात्र तो अडतो. घेणाऱ्याच्या नावे रक्कम पडली की तो देणेकरी झाला. मग ते दान कसलं? ते तर आपलं येणं झालं.

ही गीता ज्या महाभारतात आहे, त्याचंच उदाहरण घेऊ. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली. ठिकठिकाणची हस्तलिखितं मिळवायची, श्लोकाशी श्लोक ताडून पाहायचा आणि जुन्यात जुना पाठ ठरवायचा, असं हे काम १९१९ मध्ये सुरू झालं. त्यासाठी औंधचे राजे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपये द्यायचं कबूल केलं. औंध म्हणजे साताऱ्याकडचं लहानसं संस्थान. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. आवृत्ती पुरी झाली १९६६ मध्ये, आणि बाळासाहेब गेले १९५१ मध्ये. लावलेल्या झाडाचं फळ काही त्यांना बघायला मिळालं नाही.

पण मला मोठं वाटतं ते वेगळंच. व्यासांनी सांगावं आणि गणपतीने लिहून घ्यावं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली. डॉ. सुकथनकरांनी संपादित केलेल्या आदिपर्वात ती मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. जुन्या हस्तलिखितांचा आधार तिला पुरेसा मिळाला नाही, एवढंच कारण. हे पर्व १९३३ मध्ये पुरं झालं, तेव्हा बाळासाहेब हयात होते. संहितेत काय ठेवायचं हे हस्तलिखितांनी ठरवलं, तिजोरीने नाही. देणगी देणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते. पैसे दिल्यावर आपल्या आवडीचा श्लोक आत घाला, असं म्हणण्याचा मोह कुणाला होणार नाही?

कुणी म्हणेल, "अहो, राजाचा पैसा म्हणजे रयतेचाच पैसा. त्यात त्याचं दान कसलं?" आक्षेप खोटा नाही. कॅशियरच्या हातून दिवसाला लाखो रुपये जातात, पण त्यातला एक रुपया त्याचा नसतो. राजाचंही तसंच असायला हवं. बाळासाहेबांनी याचं उत्तर कृतीने दिलं. १९३८ मध्ये त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचं जाहीर केलं आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने तशी घटना अमलात आली. आयुष्यभर जमवलेली चित्रं आणि शिल्पंही वाड्यात कुलपात राहिली नाहीत. त्याच १९३८ साली औंधला यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं राहिलं. राजा रविवर्म्याची चित्रं पाहायला आज तिथे कुणीही जाऊ शकतो.

तेव्हा पाटीवर नाव आहे की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. नाव असलं तर पुढच्याला देण्याची बुद्धी होते, हिशोबही चोख राहतो. प्रश्न असा, की दिल्यानंतर किल्ली कुणाकडे राहिली? वाचनालयाला पंखा देणारे पुष्कळ असतात. तो कुणाच्या डोक्यावर फिरावा हे सांगायला दर आठवड्याला येणारेही असतात. पंखा दिला खरा, पण दान अजून व्हायचंय. दहा रुपयांचं असो की लाखाचं, याला अपवाद नाही.

आपल्याकडे दान देताना हातावरून उदक सोडतात. ‘पाणी सोडणं’ याचा बोलीतला अर्थ काय? त्या गोष्टीवरचा हक्क संपला, आता तिचा विचार नाही. होमात आहुती टाकताना ‘न मम’ म्हणतात ते यासाठीच. आमच्या भाषेत सांगायचं तर त्या दिवशी ते खातं बंद करायचं आणि शिल्लक शून्य दाखवायची. पुढच्या पानावर ओढायची नाही.