वापसा आहे तोवर

‘आधी प्रपंच, मग परमार्थ’ हा हिशेब आमच्या घरोघर मांडलेला असतो. पोरवयात खेळ, उमेदीत संसार, आणि मुलांची लग्ने उरकली की मग माळ, वारी, हरिपाठ. वीस-पंचवीस वर्षांच्या मुलाने माळ घालतो म्हटले, तर घरचीच माणसे म्हणतात, “अरे, तुझे हे वय आहे का?” वाचकहो, आमचा प्रश्न उलटा आहे. हे वय नव्हे, तर मग कोणते?

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. मृगाचा चांगला पाऊस झाला की रानात चिखल होतो, तेव्हा पाभर चालत नाही. पुढे ऊन पडते, वरची ओल हटते आणि माती हाताला चिकटेनाशी होते. हाच वापसा. तो थोड्या दिवसांचा असतो. तेवढ्यात पेरले तर बी नीट उतरते. ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणणाऱ्यासाठी जमीन थांबत नाही. एक तर ती वाळते, नाही तर पुन्हा पाऊस लागून चिखल होतो. नरदेह हे रान धरले, तर तारुण्य हा त्याचा वापसा होय.

कित्येक प्रवचनांतून तारुण्याची निंदाच कानी पडते. ते मस्तवाल, ते विषयांध, त्यापासून जपा! जपावे हे खरेच. परंतु ज्या बळावर माणूस वाहवत जातो, त्याच बळावर तो पैलतीरही गाठतो. आळंदी ते पंढरपूर वाट सुमारे २५० किलोमीटरची. पुणे-सासवड हा लांबलचक टप्पा आणि त्यातच दिवे घाटाची चढण. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन घाट चढायचा, तर पाय धड पाहिजेत. मृदंगाचे बोल बोटे लवचिक आहेत तोवर बसतात. ओव्या पाठ होतात त्या कोवळ्या वयात, आणि मग जन्मभर सोबत करतात. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथे आजही मुले चार वर्षे राहून शिकतात, यातले मर्म हेच.

माउलींनी नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली. परंपरेच्या गणनेने तेव्हा त्यांचे वय १५ वर्षांचे. शके १२१८ मध्ये आळंदीस समाधी घेतली, तेव्हा २१. कोणी म्हणेल, “अहो, ते अवतारी पुरुष. आमचे तसे कसे होणार?” बरे, मग नामदेवरायांकडे पाहू. त्यांना परंपरेने ८० वर्षांचे आयुष्य सांगितले आहे. त्यात ज्ञानदेवांची संगत किती? ज्ञानेश्वरीनंतरची तीर्थयात्रा आणि समाधीचा दिवस, सारे सहा वर्षांच्या आत आटोपले. समाधीच्या वेळी नामदेवराय सव्वीस वर्षांचे. त्यापुढे अर्धे शतक त्यांनी कीर्तन केले, नाम थेट पंजाबात घुमानपर्यंत नेले. ‘ज्ञानदेव काय, इथेच आहेत, पुढे कधी तरी त्यांच्याबरोबर यात्रेस जाऊ,’ असे ते म्हणते तर? संगत थोड्या वर्षांची, पण ती पुरी भोगली, म्हणून पन्नास वर्षे पुरली.

पण मग तरुणाने घर सोडून धावावे काय? मुळीच नाही. पुंडलिकाची कथा सर्वांस ठाऊक आहे. देव दारी आला तेव्हा तो आईबापांचे पाय चेपीत होता. हातची सेवा त्याने सोडली नाही. वीट फेकली आणि देवालाच थांबायला सांगितले. आम्हांस यात मोठा बोध दिसतो. देव थांबू शकतो. तो अजून विटेवर उभा आहे. आईबाप थांबू शकत नाहीत. त्यांचे वय चालूच असते. पुण्यामुंबईस नोकरीवर असलेला मुलगा म्हणतो, ‘जरा बस्तान बसू दे, मग आईला पंढरी दाखवीन.’ बस्तान बसते, तोवर आईचे गुडघे गेलेले असतात. म्हणून जे काम आज हातात आहे, ते आजच पुरे करावे. प्रपंच आणि परमार्थ यांत भांडण नाही. भांडण आहे ते ‘आज’ आणि ‘मग’ यांत.

वारी तरी आणखी काय शिकवते? नुसते पंढरपूरच गाठायचे, तर मोटार सकाळी निघून संध्याकाळच्या आत पोहोचवते. वारकरी चालतो, कारण प्रत्येक पाऊल हीच वारी. हल्ली घाटात पालखी वर येते आणि दुतर्फा उभी असलेली माणसे मोबाईल वर धरून चित्र टिपत राहतात. घरी जाऊन निवांत पाहू म्हणतात. पालखी मात्र समोरून निघून जाते. तरुणांनी हे ध्यानी धरावे. वडीलधाऱ्यांनीही ‘आमच्या वेळची वारी राहिली नाही’ असे उसासे टाकीत आजची दिंडी डोळ्यांआड करू नये.

ज्यांचे केस पिकले, त्यांनी हे वाचून खंत करीत बसू नये. उशिरा पेरले तर उतारा कमी पडेल, पण रान पडीक राहण्यापेक्षा ते बरे. पाय चालत नसतील, तर जीभ चालते ना? तीही बंद पडण्याआधीचा हा दिवस म्हणजे त्यांचा वापसाच. आणि घरातला नातू टाळ मागू लागला, तर ‘तुझे वय काय?’ असे विचारू नये. टाळ त्याच्या हाती द्यावा, आणि आज संध्याकाळी हरिपाठास त्याला शेजारी घेऊन बसावे.