पुन्हा उलटलेला आजार आणि पूर्वकर्म

गुरुचरित्राचं पारायण तिसाव्या अध्यायावर आलं की वाचणाऱ्याचा आवाज जड होतो. माहूरच्या गोपीनाथाचा, दत्ताच्या आराधनेने लाभलेला तरुण मुलगा क्षयाने झिजतो. सावित्री म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची समजूत घालते आणि नवऱ्याला गाणगापुरास नेते. म्हणजे दुखणं तरुणांचं, आणि धीरही त्यांनीच द्यायचा!

आज क्षयाच्या जागी कॅन्सर आला. एकदा बरा झालेला कॅन्सर उलटतो तो उपचारातून वाचलेल्या थोड्या पेशी पुन्हा वाढल्यामुळे. त्यात घरी आईचं डायलिसिस चालू असलं, तर पोरगं स्वतःच्या वेदना बोलतच नाही. आणि आपण भेटायला जाऊन काय म्हणतो? “पूर्वकर्म असेल हो!”

कॅनडाच्या टेरी फॉक्सने 18व्या वर्षी कॅन्सरमुळे पाय गमावला. कृत्रिम पायावर, संशोधनाला पैसा मिळावा म्हणून तो 143 दिवस धावला. 1 सप्टेंबर 1980 ला थांबावं लागलं, आजार फुप्फुसात गेला होता. 1981 साली, 22व्या वर्षी तो गेला. याच्या खात्यावर कोणतं पाप मांडायचं?

कर्मसिद्धांत मी मानतो. पण तो ज्याने त्याने स्वतःपुरता लावावा, दुसऱ्याच्या खाटेशी नाही. दादरला कॅन्सरच्या रुग्णांसाठी धर्मशाळा आहे, तिला गाडगेबाबांचं नाव आहे. बाबांची भक्ती अशीच होती.

दत्तजयंतीला बेटावर एवढी माणसं जमतात. केडगावचं असं पोरगं परळच्या टाटा रुग्णालयात जाईल, त्या दिवशी त्याच्या आईला डायलिसिसला कोण नेणार, एवढं प्रसादाच्या पंगतीतच ठरवून टाकू.