मुदतीचे इमान

व्यापारात माप आणि भाव या दोन गोष्टींविषयी आपला समाज जितका दक्ष राहिला, तितका वेळेविषयी कधी राहिला नाही. तराजूत खोट निघाली तर त्या दुकानाची पायरी पुन्हा कुणी चढत नसे. वजनमापांच्या तपासणीसाठी तर सरकारने स्वतंत्र खातेच नेमले आहे. परंतु ‘परवा नक्की’ म्हणून आठवडाभर हेलपाटे घालायला लावणाऱ्या शिंप्याला, सुताराला किंवा सोनाराला आपण रागावत, हसत क्षमा करीत आलो. आणि त्याचे ‘झालंच समजा’ हे उद्गार कानी पडताच कामाला अद्याप हातही लागलेला नाही, हे ओळखण्याइतके शहाणपण गिऱ्हाइकाच्या अंगी अनुभवाने आलेले असे. या व्यवहारात सत्याची हेळसांड होती, पण फसवणूक फारशी नव्हती. कारण दोघेही एकाच गावचे, एकमेकांचे स्वभाव पुरते जाणणारे, आणि गिऱ्हाइकाला ओट्यावर ठाण मांडून तगादा लावण्याची मुभा असे.

आज खामगावचा, चिखलीचा किंवा मेहकरचा व्यापारी ज्या ऑनलाइन बाजारपेठेत आपला माल मांडतो, तिला असा ओटा नाही. जिन्नसाचे नाव, छायाचित्र आणि किंमत नोंदवून झाली की विक्रेत्यापुढे आणखी एक रिकामा चौकोन येतो: मागणी आल्यापासून माल बांधून कुरिअरच्या हवाली करण्यास किती दिवस लागतील? प्रवासाचे दिवस बाजार चालवणारी कंपनी त्यात आपल्या हिशेबाने मिळवते, आणि शेकडो कोसांवरच्या गिऱ्हाइकाला त्या दोहोंची बेरीज होऊन एकच तारीख दिसते. ती तारीख चुकली तर दिरंगाई दुकानात झाली की रस्त्यात, हे त्या बापड्याला समजण्याचा मार्ग नसतो. त्याच्या लेखी दिलेला शब्द मोडला, एवढेच खरे. रवानगीच्या मुदतीचा तो आकडा भरायला क्षणभर पुरतो. पण कोणता आकडा खरा आणि तो खरा करण्यासाठी कुणाला झिजावे लागते, याचा विचार मात्र त्या क्षणात होत नाही.

खामगावला हा प्रश्न अगदीच अपरिचित म्हणता येणार नाही. एके काळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठच्या मिर्झापुरापर्यंत जात असे. वाटेत नद्यांना पूर यावा, चारा मिळू नये, पाऊस लागून कापूस भिजावा, असा तो प्रवास; त्यामुळे माल केव्हा पोचेल या प्रश्नाला ऋतूच्या नावाने उत्तर मिळे, तारखेच्या नावाने नव्हे, आणि ज्याला तारीख सांगताच येत नव्हती त्याच्यावर तारीख चुकवल्याचा दोषही येत नव्हता. पुढे १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे इंग्लंडातील गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडाकडे त्यांची दृष्टी वळली, आणि १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. त्याच्या उद्घाटनासाठी खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो खामगावी आले होते. आगगाडी आणि तारायंत्र यांनी येथील पेढ्या सातासमुद्रापलीकडच्या बाजाराशी जोडल्या, तेव्हा अमुक तारखेच्या आत अमुक गासड्या मुंबईस पोचवण्याचे करार करणे आवाक्यात आले. आणि जे आवाक्यात येते त्याची जबाबदेहीही पाठोपाठ अंगावर येते, हा व्यवहाराचा जुना शिरस्ता आहे.

कायद्याने या बाबतीत मोठा समंजसपणा दाखवला आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे, माल पाठवण्याचे विक्रेत्याने पत्करले असून मुदत ठरलेली नसेल, तर त्याने वाजवी वेळात माल पाठवावा, एवढीच अपेक्षा आहे. आणि वाजवी म्हणजे किती, हे त्या त्या प्रकरणाच्या परिस्थितीवरून ठरवावयाचे. पण आकडा लिहिला की हा ऐसपैस आसरा विक्रेता आपण होऊन सोडतो. २०२० साली केंद्र सरकारने ई-कॉमर्ससंबंधी जे ग्राहक संरक्षण नियम केले, त्यांनी तर माल केव्हा व कसा पोचेल याचा तपशील ग्राहकापुढे मांडणे विक्रेत्याचे कर्तव्यच ठरवले आहे. कायदा बाहेरचा व्यवहार पाहतो. लिहिलेला आकडा कोणत्या मनाने लिहिला, हे पाहणे त्याचे काम नाही. ते ज्याचे त्याने पाहावयाचे.

खामगावच्या चांदीचेच उदाहरण घ्यावे. तिच्या शुद्धतेची ख्याती महाराष्ट्राबाहेरही पोचलेली आहे आणि ‘रजतनगरी’ हे बिरूद ते गाव अभिमानाने मिरवते. तेथील एखादा लहान विक्रेता डोळ्यांपुढे आणा. त्याच्या फडताळात निरांजने, करंडे, पैंजण असे मोजके जिन्नस तयार असतात. बाकीचे मागणी आल्यावर घडवून घ्यावयाचे. तयार निरांजन पाठवणे हे काम सोपे: काट्यावर वजन घ्यायचे, ते पावतीशी ताडून पाहायचे, गुलाबी कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या डबीत ठेवायचे, डबी कानाशी हलवून पाहायची, आत खुळखुळले तर पुन्हा उघडून कागदाचा बोळा भरायचा, पत्त्याची छापील चिठ्ठी डकवायची आणि पार्सले न्यायला येणाऱ्या मुलाच्या हाती सोपवायची. एका दिवसात हे खुशाल होते. परंतु घडीव ताम्हनाची गोष्ट निराळी. चांदी मुशीत वितळवावी, पत्रा काढावा, ठोकून आकार द्यावा, जेथे जोड असेल तेथे डाक द्यावा, आणि शेवटी रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने घासून उजळावे; यांतील एका पायरीवरही घाई केली तर ती ताम्हनाच्या अंगावर कायमची उमटल्यावाचून राहत नाही. असे असताना दोन्ही जिनसांपुढे ‘एक दिवस’ हाच आकडा लिहिला जातो. त्यातून कोजागरीला खामगावात मोठ्या देवीचा उत्सव सुरू होतो, घरोघर पाहुणे येतात, कामाला माणूस मिळत नाही, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात धनत्रयोदशीच्या चांदीसाठी मागण्यांची झुंबड उडते. वर्षाच्या ज्या दिवसांत मुदत सर्वांत मोठी लिहावयास हवी, त्याच दिवसांत ती सर्वांत लहान लिहिण्याचा मोह अनावर होतो.

मोहाचे कारण उघड आहे. दोन सारख्या वस्तू शेजारी शेजारी दिसत असता गिऱ्हाईक लवकरची तारीख पाहून हात घालते, हे प्रत्येक विक्रेता जाणतो. दुसऱ्या बाजूने दंडाचा बडगाही आहे: ॲमेझॉनवर आपला माल स्वतः रवाना करणाऱ्या विक्रेत्याला उशिराच्या रवानग्यांचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत राखावे लागते, आणि ते ओलांडले तर त्याच्या विक्रीच्या हक्कावरच गदा येऊ शकते. म्हणजे लहान आकडा एकदा लिहिला की तो कुणाला तरी खरा करून दाखवावाच लागतो. आणि येथेच या प्रश्नाचे खरे मर्म आहे, की तो खरा करून दाखवणारा मनुष्य बहुधा तो लिहिणारा मनुष्य नसतो. आकडा लिहिते दुकानदाराचे बोट, पण रात्री दिव्याखाली डोळे ताणतो कारागीर. उत्सवाला आलेल्या पाहुण्यांसमोर उठून जाते ती पार्सले बांधणारी मुलगी. आणि उशिराने हाती आलेला माल गाडी सुटण्यापूर्वी पोचवावा म्हणून मोटारसायकल भरधाव सोडतो तो कुरिअरचा पोरगा. त्यांच्यापैकी कुणाला विचारून तो आकडा लिहिलेला नसतो. स्वतःचे वचन स्वतःच्या श्रमाने पाळणारा मनुष्य सत्यनिष्ठ होय. परंतु दुसऱ्याची झोप परस्पर तारण ठेवून जो वचन देतो, त्याचे वचन वेळेवर पाळले गेले तरी ते निर्मळ म्हणता येत नाही.

याच्या उलट टोकाला दुसरा विक्रेता उभा असतो. त्याला लोभाने नव्हे, भीतीने घेरलेले असते. दोन दिवसांच्या कामापुढे तो सात दिवस लिहितो, तिसऱ्या दिवशी माल रवाना करतो, आणि ‘आम्ही सांगितल्यापेक्षा नेहमी लवकरच पाठवतो’ अशी प्रौढीही मिरवतो. पहिल्या दृष्टीला यात कुणाचे नुकसान दिसत नाही. पण घरचे कार्य पाच दिवसांवर येऊन ठेपलेला एखादा गृहस्थ तो सातचा आकडा पाहून माघारी वळला, तर मिळण्याजोगी वस्तू त्याला एका असत्यामुळे मिळाली नाही, असेच म्हणावे लागेल. आणि हे नुकसान असे की त्याची तक्रार कधी येतच नाही, कारण ते सोसणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. तथापि थोडी सवड राखणे म्हणजे असत्य नव्हे. आमचा बुलढाणा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दुभंगलेला. खुद्द बुलढाण्याला रेल्वे नाही, आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी करता करता पिढ्या गेल्या. मलकापुराहून वर येणाऱ्या मालाला राजूर घाट चढावा लागतो; वीज केव्हा जाईल याचा नेम नाही; आणि पोळ्याला बैलांबरोबर माणसेही खांदा मोकळा करतात. अशा ज्ञात अडचणींसाठी एखादा दिवस अधिक धरणे हा विवेकच होय. विवेक कोठे संपतो आणि लबाडी कोठे सुरू होते, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे: अधिक धरलेल्या दिवसाचे कारण गिऱ्हाइकाला तोंडावर सांगता येईल काय? ‘आमच्याकडे पोळा आहे’ हे सांगताना जीभ अडखळत नाही. ‘आळस केला तरी दंड बसू नये म्हणून’ हे मात्र कुणी सांगू शकणार नाही.

येथे कुणी म्हणेल की उद्याची गोष्ट आज नेमकी कशी सांगावी? मनुष्य अंदाजच करणार, आणि अंदाज चुकणारच. या आक्षेपाला उत्तर याच जिल्ह्यात सापडते. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. अठरा प्रकारची धान्ये मांडतात, मधोमध पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवून त्यांवर पाण्याचा घट ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मांडणीत झालेल्या फेरबदलांवरून पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते. त्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, हा वाद आहे आणि तो येथे उपस्थित करण्याचे प्रयोजन नाही. पण ते भाकीत चुकले म्हणून सांगणाऱ्याकडे कुणी नुकसानभरपाई मागत नाही, कारण पावसावर त्याची सत्ता नाही हे सर्वांना मान्य असते. विक्रेत्याची मुदत हे असले भाकीत नव्हे. किती हात आहेत, किती मागण्या अगोदरच पडून आहेत, सुट्टी केव्हा आहे, हे सारे त्याला ठाऊक असते. जे ठाऊक आहे त्याविषयी अंदाजाचा आडोसा घेता येत नाही. आणि जेवढा भाग खरोखरच त्याच्या सत्तेबाहेरचा असतो, जसे कारागिराचे आजारपण किंवा अवचित आलेला पाऊस, त्याबद्दल त्याचे एक कर्तव्य उरतेच: अडचण समजताच, गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वी, आपण होऊन वर्दी द्यावी, आणि मागणी रद्द करण्याची मोकळीक मनापासून द्यावी.

या दोषाचे सारे ओझे विक्रेत्यावर टाकून आपण ग्राहकांनी हात झटकणेही न्यायाचे होणार नाही. महिनाभर कपाटात पडून राहणारी वस्तू आपण उद्याच हवी म्हणून मागवतो, एका दिवसाच्या फरकासाठी विक्रेता बदलतो, आणि वेळेवर पण घाईने केलेल्या कामात खोट निघाली की त्याच विक्रेत्याला दूषणे देतो. ज्या कंपन्या हे बाजार चालवतात, त्यांचाही दोष आहेच. कारखान्यात साच्यातून निघणाऱ्या डब्याला आणि हाताने ठोकलेल्या ताम्हनाला त्या त्वरेचे एकच माप लावतात, आणि ज्याची मुदत लहान त्याला पुढचे आसन देतात. मात्र दुसऱ्यांचे दोष मोजून आपला आकडा खरा होत नाही.

म्हणून यंदाच्या हंगामाअगोदर प्रत्येक विक्रेत्याने एक काम करावे. तो चौकोन उघडण्यापूर्वी आपल्या कारागिराकडे जावे, त्याच्या पुढ्यात किती काम पडले आहे ते डोळ्यांनी पाहावे, आणि विचारावे. संकोचाने तो कमी दिवस सांगेल, तर आणखी एकदा विचारावे. जिनसागणिक मुदत वेगळी लिहावी, सणाच्या सुट्ट्या आधीच नोंदवून ठेवाव्यात, आणि काम वाढले तर आकडाही त्याच दिवशी वाढवावा. असे केल्याने काही गिऱ्हाइके शेजारच्या दुकानाकडे जातील, हे नाकारण्यात अर्थ नाही; खरे बोलण्याला किंमत पडते. ती किंमत कारागिराच्या जागरणातून किंवा गिऱ्हाइकाच्या भाबडेपणातून वसूल न करता विक्रेत्याने स्वतःच्या खाती खर्ची घालावी, एवढेच त्याच्याकडे मागणे आहे.